उत्तर: पॅरा एसएफला जावं का नाही?

भाऊ, वर तू लिहिलंस की १६०० मीटर साडेपाच मिनिटाच्या आत मारतो, मग पॅरा एसएफ (लष्कराचे पॅराशूटवाले स्पेशल फोर्सेस कमांडो) जमंल का. पळणं चांगलंच आहे तुझं, पण तो भरतीचा पेपर झाला, प्रोबेशनचा (पॅरा एसएफमध्ये घेण्याआधीच्या कडक चाचणीचा) नाही. तिथं स्वतःहून नाव द्यावं लागतं अन् बरेच जण मधूनच आपल्या जुन्या युनिटला परत जातात, त्यात लाज काहीच नाही. आग्र्याच्या पॅराशूटच्या जंपा (उड्या) नंतरची गोष्ट, त्यातली एक रात्रीची असते, पण खरा कस झोप नसताना पाठीवर वजन घेऊन चालण्यात लागतो. आपल्याकडं बीड-जालन्याची पोरं पहाटे डांबरी रोडवर स्पोर्ट शूज घालून पळतात, वजन कुणीच घेत नाही! तू बूट घालून, पिट्टू (पाठीवरची फौजी बॅग) भरून शेताच्या ढेकळातून चालून बघ, टाचेचा फोड फुटल्यावर अन् उपाशीपोटी सोबतच्यावर चिडतो का तेबी बघ, कारण तिथं टीमवर चिडणारा टिकत नाही असं मला मनापासून वाटतं. निस्ती पॅराची मरून रंगाची टोपी आवडते म्हणून जाऊ नको. अन् अजून दहावीतच असशील तर संभाजीनगरच्या एसपीआयचं (एनडीएची, म्हंजे ऑफिसर व्हायची तयारी करून घेणारी सरकारी संस्था) बघ, ऑफिसर होऊनबी पॅराला व्हॉलंटियर करता येतं.