विकताना गाडीची किंमत कशी टिकली? मुंबईकर गाडीमालकांचे अनुभव

मुंबईतली खासगी गाडी पळून कमी झिजते. पाण्याने, खाऱ्या हवेने आणि नुसती उभी राहून जास्त झिजते, असे माझे जुने मत आहे. शनिवार-रविवारीच बाहेर निघणारी, चार महिने पावसात आणि उरलेले आठ महिने झाडाखाली उभी असणारी गाडी सहा-सात वर्षांनी विकायला काढली, की घेणारा बॉनेट उघडण्याआधीच आकडा खाली आणू लागतो. त्या आकड्याचा काही भाग आपल्या हातात नसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक उपकर यावरून १८ टक्क्यांवर आला, नव्या गाड्या स्वस्त झाल्या आणि त्यांच्यामागोमाग जुन्यांचे भावही उतरले. याला मालक काय करणार? पण उरलेला भाग मालकाने वर्षानुवर्षे काय केले आणि काय टाळले यावर ठरतो, आणि या धाग्याचा विषय तेवढाच आहे.

ज्यांनी गाडी विकली आहे त्यांनी तर लिहावेच, पण ज्यांनी जुनी गाडी पारखून घेतली आहे त्यांनी आवर्जून लिहावे, कारण घेणाऱ्याची नजर कुठे जाते हे विकणाऱ्याला उशिरा कळते. कोणता खर्च वसूल झाला याबरोबर कोणता वाया गेला हेही सांगावे. दलालाशी घासाघीस कशी करावी हा वेगळा विषय आहे. तो इथे नको.

दादर. पेट्रोल हॅचबॅक, एकहाती वापरलेली

आमची गाडी पाहायला आलेल्या गृहस्थांनी सोबत आपला मेकॅनिक आणला होता. त्याने गाडीला हात लावण्याआधी फाइल मागितली. फाइलमध्ये पहिल्या मोफत सर्व्हिसपासूनची सगळी बिले तारखेनुसार लावलेली होती आणि प्रत्येक बिलावर त्या दिवशीचे किलोमीटर छापलेले होते. तो अंगठ्याने पाने उलटत फक्त तेवढाच आकडा पाहत गेला. मीटर मागे फिरवलेले नाही याची खात्री त्याला त्या कागदांवरून झाली आणि मग इंजिन, सस्पेन्शन, एसी ही तपासणी अर्ध्या तासात आटोपली. शेजारच्या इमारतीत त्याच वर्षाची, आमच्यापेक्षा कमी चाललेली गाडी होती, पण तिच्या मालकांकडे एकही बिल नव्हते. ‘गाडी जास्त चाललीच नाही’ या त्यांच्या म्हणण्यावर कोणी विश्वास ठेवायला तयार नव्हते.

इथे एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. ‘दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते’ या वाक्यातले वर्ष आपल्याकडे बरेच जण विसरतात. दादरहून माटुंग्याला आणि परत एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीचे इंजिन पुरते तापतच नाही. त्यामुळे ऑइलमध्ये शिरलेली वाफ आणि न जळलेले पेट्रोल उडून जात नाही आणि ऑइल किलोमीटर न होताही खराब होते. ब्रेक ऑइलचेही तसेच असते. ते हवेतला ओलावा शोषून घेते, म्हणून गाडी उभी असली तरी साधारण दोन वर्षांनी ते बदलावे लागते. वर्षाला एक सर्व्हिस, मग गाडी तीन हजार किलोमीटर चाललेली का असेना, हा नियम आम्ही मोडला नाही. आणखी एक बारीकशी गोष्ट म्हणजे दुसरी चावी. ती कपाटात जपून ठेवा, कारण घेणारा दोन्ही चाव्या मागतो आणि रिमोटची नवी चावी करून घेणे हल्ली स्वस्त राहिलेले नाही.

वरळी. सेदान, समुद्रापासून दोन गल्ल्या आत

आमच्याकडे शत्रू एकच, गंज. भरतीच्या दिवसांत सी फेसवर उडणारे पाणी अंगावर घेऊन गाडी घरी आली, की त्याच संध्याकाळी तिला साध्या पाण्याने धुवायचे आणि पाण्याचा झोत खालून, चाकांच्या कमानीत मारायचा, ही सवय आम्ही लावून घेतली. वरून चकचकीत दिसणाऱ्या गाडीचा पत्रा खालून, शिवणीपासून खायला सुरुवात होते.

प्रत्येक दाराच्या खालच्या कडेला पाणी निथळण्यासाठी छोटी भोके असतात. पावसाळ्याआधी आणि नंतर काडेपेटीची काडी घेऊन मी ती मोकळी करतो. एकदा मागच्या दाराच्या भोकातून काडी काढताच चहाच्या रंगाचे पाणी थेंबथेंब बाहेर आले होते. ते किती दिवस आत साचून होते कोण जाणे. काचेखालच्या जाळीत, वायपरच्या बुडाशी, झाडाची पाने अडकतात तीही काढावीत, कारण तिथला निचरा तुंबला की पाणी आत झिरपते आणि पायांखालचा गालिचा ओला होतो. प्लास्टिकचे कव्हर मात्र वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. ओल्या गाडीवर ते चढवले की वाफ आतच कोंडते.

पोटाला अँटी-रस्ट कोटिंग करून घ्यावे का, असे पुष्कळ जण विचारतात. नवी गाडी असेल आणि पत्रा कोरडा व स्वच्छ असेल तर जरूर करावे. गंज आलेल्या पत्र्यावर तो काळा थर मारणे म्हणजे रोग झाकणे होय, आणि जाणकार घेणारा नेमका तो थर खरवडून पाहतो.

कुर्ला. डेंटिंग-पेंटिंगचा व्यवसाय

मी विकणाराही नाही आणि घेणाराही नाही, पण दोघेही माझ्याकडे येतात, म्हणून लिहितो. गाडी विकायच्या आदल्या महिन्यात लोक ‘सगळे पॅनेल नवे करून द्या’ म्हणत येतात आणि मी त्यांना बहुधा परत पाठवतो. जुन्या गाड्यांचा व्यवहार करणारी माणसे आता रंगाची जाडी मोजायचे यंत्र घेऊन फिरतात. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. वरून पुन्हा रंगवलेल्या पॅनेलवर आकडा त्याच्या बराच वर जातो आणि खाली पुटी (खड्डे बुजवायचा लगदा) भरलेली असेल तर तो कित्येक पटींनी वाढतो. रिक्षाने घासलेल्या दारावरचा ओरखडा पाहून घेणारा पाच-दहा हजार मागे-पुढे करील. पण तेच दार पूर्ण रंगवलेले आढळले, तर ‘अपघात झाला होता का?’ हा प्रश्न येतो आणि त्याची वजावट मोठी असते.

सगळे रंगकाम सारखे नसते, हेही लक्षात घ्यावे. बंपर प्लास्टिकचा असतो आणि मुंबईत तो रंगवलेला नसेल तरच नवल. त्याला कोणी विचारत नाही. फेंडर आणि दारे यांचा प्रश्न मध्यम आहे. छत, खांब आणि बॉनेटखालच्या चासीच्या दांड्या यांना हात लागलेला दिसला, की गाडीचा भाव पडला म्हणून समजा. बॉनेट आणि फेंडर यांच्या बोल्टांच्या कडांवरचा रंग उडालेला असला तर पाना लागला होता हे आम्हाला लगेच कळते. काचांच्या कोपऱ्यात बनावटीच्या वर्षाची खूण असते. पाच काचा एका वर्षाच्या आणि एक नंतरची असेल तर ती का बदलली हे सांगणारे बिल जवळ ठेवा. लहान ओरखड्याला रबिंग-पॉलिश करावे, खोल असेल तर तेवढ्यापुरते टचअप करावे आणि बाकीचे तसेच राहू द्यावे.

अंधेरी पूर्व. दोन गाड्या विकल्या, एक जुनी घेतली

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर कित्येक महिने बाजारात पुरातल्या गाड्या धुऊन-पुसून विकायला येत होत्या. जुनी गाडी घेताना तेव्हापासून मी एक काम न चुकता करतो. सीटबेल्ट त्याच्या रिळातून शेवटपर्यंत बाहेर ओढतो. वरचा पट्टा रोजच्या वापरातला असतो, पण आतला भाग कधी धुतला जात नाही आणि पाणी चढलेले असेल तर तिथे मातकट रेघ सापडते. सीटखालचे रूळ, त्यांचे बोल्ट आणि डिकीत स्टेपनीच्या खड्ड्याचा तळ याही जागा खोटे बोलत नाहीत.

विकणाऱ्याच्या बाजूने सांगायचे, तर पाण्यात गाडी बंद पडली की ती पुन्हा चालू करण्याचा मोह आवरणे यातच तिची अर्धी किंमत वाचते. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी गेलेले असेल तर ते दाबले जात नाही. पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. विम्याची साधी पॉलिसी हे नुकसान बहुधा देत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनची जोड घ्यावी लागते. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे अशा पावसात पाणी तुंबणाऱ्या वाटांनी जाणाऱ्याने ती घ्यावीच; तरीही बंद इंजिनाला चावी मारत राहिल्याने झालेले नुकसान कंपनी नाकारू शकते. माझ्या एका गाडीत गालिच्यापर्यंत पाणी आले होते. तेव्हा सीटा उतरवून, गालिचा आणि त्याखालचा फोम बाहेर वाळवून सगळे पुन्हा बसवून घेतले आणि बिल जपले. विकताना ते बिल स्वतःहून पुढे ठेवले. भाव थोडा कमी आला, पण नंतर कसलीही तक्रार आली नाही.

गिरगाव. चाळीच्या चौकात उभी राहणारी गाडी

उंदरांचा उल्लेख अजून कोणी केला नाही याचे आश्चर्य वाटते. कचऱ्याच्या डब्याशेजारी गाडी उभी करू नये, गाडीत खाद्यपदार्थ ठेवू नयेत आणि आठवडाभर ती जागची हलली नाही असे होऊ देऊ नये, एवढेच उपाय मला उपयोगी वाटले. तंबाखूच्या पानांपासून फवाऱ्यांपर्यंत बाकीचे सगळे करून झाले आहे. वायरी कुरतडल्याच तर चिकटपट्टी गुंडाळून भागवू नये. बॉनेटखाली चिकटपट्टीचे जोड दिसले की घेणाऱ्याच्या मनात शंका बसते.

मुलुंड. सीएनजी

कंपनीतून आलेली सीएनजी गाडी आणि बाहेर किट बसवलेली गाडी यांत बाजार मोठा फरक करतो. बाहेरचे किट असेल तर त्याची नोंद आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर हवीच. ती नसलेली गाडी कितीही चांगली असो, समंजस माणूस घेत नाही. टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने घेतलेली चाचणी, दर तीन वर्षांनी करावी लागते आणि तिचे प्रमाणपत्र विकताना हमखास विचारले जाते. आमची चाचणी विक्रीच्या वेळी नुकतीच झालेली होती, त्याचा फायदा झाला.

चेंबूर. थोडा वेगळा सूर

वरचे अनुभव वाचून कोणी विकण्यापूर्वी खिसा मोकळा करायला निघेल, म्हणून हे लिहितो. विक्रीच्या तोंडावर केलेला खर्च सहसा परत येत नाही. टायरच्या कडेवर शेवटी चार आकडे असतात, उदाहरणार्थ ३११९ म्हणजे २०१९ सालचा ३१ वा आठवडा; ते वाचणारा माणूस नवे टायर पाहून खूश होतो खरा, पण त्यांची पूर्ण किंमत देत नाही. खाचा १.६ मिलिमीटरच्या कायदेशीर मर्यादेच्या वर असतील आणि टायर फार जुने नसतील तर आहेत तेच राहू द्यावेत. सिरॅमिक कोटिंग, ऑपेरा हाउसच्या दुकानातून बसवून घेतलेला मोठा स्क्रीन, चामड्याची सीट कव्हरे यांचा हिशेब कोणी धरत नाही. उलट स्क्रीनसाठी मूळ वायरी कापलेल्या असतील तर भाव कमी होतो. मूळ स्टिरिओ माळ्यावर ठेवलेला असेल तर तो परत बसवून नवा वेगळा विकावा.

एसी मात्र याला अपवाद मानावा. मुंबईत गाडी पाहायला येणारा पहिल्यांदा एसी लावतो, आणि तो थंड करत नसेल तर पुढचे काही पाहतच नाही. क्लचचेही थोडेफार तसेच. तो घसरत असेल तर दुरुस्त करूनच गाडी दाखवावी. मात्र सिग्नलला अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवायची सवय सोडली, तर ती वेळ बरीच लांबते.

आणखी एक हिशेब तारखेचा आहे. डिसेंबरात जी गाडी पाच वर्षांची असते ती जानेवारीत, एक किलोमीटर न चालता, बाजाराच्या तोंडी सहा वर्षांची होते. विकायचेच असेल तर दसरा-दिवाळीच्या आधी काढावी.

बोरिवली. कागदपत्रांबद्दल, कारण ते राहून गेले

कर्ज फिटले म्हणजे आरसीवरचा बँकेचा बोजा आपोआप उतरतो असे समजू नये. बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन ती नोंद आरटीओतून काढून घ्यावी लागते, आणि बँकेचे ते पत्र ठरावीक मुदतीचे असते. गिऱ्हाईक दारात उभे असताना हे काम सुरू केले तर व्यवहार आठवड्यांनी लांबतो आणि भाव त्याच्या हाती जातो. तसेच ई-चलान भरून टाकावे, पीयूसी चालू ठेवावी, आणि गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवून घ्यावी, कारण तिच्याविना हस्तांतर अडते.

विमा खंडित होऊ देऊ नये. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, २० टक्क्यांपासून सुरू होऊन ५० टक्क्यांपर्यंत जातो. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तर तो जातो. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसते. गाडी विकल्यावर विमा कंपनीकडून त्याचे पत्र घ्यावे. ते तीन वर्षांत नव्या गाडीला लावता येते. वरच्या दराने मिळालेले दोन-तीन हजार आणि हा बोनस, यांत बोनसच पुष्कळदा मोठा ठरतो.

शेवटी गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याचे फॉर्म २९ आणि ३०. २९ विकणाऱ्याने द्यायचा असतो आणि राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवायचे असते. ‘नाव मी नंतर करून घेतो’ असे म्हणणाऱ्याला कोऱ्या सह्या करून देऊ नयेत. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे, की आरसीवर ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक, आणि अपघाताची भरपाईही त्याच्याच माथी येते. गाडी ताब्यात देताना तारीख आणि वेळ लिहिलेली पोच घ्यावी, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत ठेवावी, आणि त्याच दिवशी फास्टॅग बंद करावा, नाहीतर त्याच्या टोलचे पैसे आपल्या खात्यातून जात राहतात.