अनुभव धागा: कमी खर्चात माळ्याची खोली

आमचा माळा वर्षानुवर्षं अडगळीचा होता. मोडक्या खुर्च्या, रिकामे डबे, कुणाच्या तरी शाळेच्या वह्या. मुलीला अभ्यासाला वेगळी खोली हवी म्हणून तो आता रिकामा केलाय. उतरतं छप्पर, मधोमध ताठ उभं राहता येतं, कडेला वाकावं लागतं. हात आखडता घेऊनच खर्च करायचा आहे. कोणी असं काम केलं असेल तर सविस्तर लिहा. 'फिकट पडदे लावा' छापाचे सल्ले नकोत. पैसे कुठे लागले, कुठे वाचले आणि कशामुळे खोली खरंच राहण्याजोगी झाली, ते सांगा.

सुरुवात माझ्यापासून. सध्या झालंय ते फक्त साफसफाईचं काम. उंदरांच्या लेंड्या आणि पाखरांची घाण कोरड्या झाडूने झाडू नका, ती धूळ थेट छातीत जाते. खिडकी उघडून, तोंडाला मास्क लावून, जंतुनाशकाचं पाणी फवारायचं, मुरू द्यायचं आणि मग ओल्या फडक्याने उचलायचं. हातमोजे हवेतच.

* * *

रंगाचा डबा उघडण्याआधी एक दणदणीत पाऊस जाऊ द्या, एवढंच माझं सांगणं. आम्ही थांबलो आणि वाचलो. गळतं कुठे हे शोधणं वाटतं तितकं सोपं नाही. पाणी कौलाच्या फटीतून आत येतं, वाशाच्या खालच्या अंगाने उताराला सरकत जातं आणि भलतीकडेच ठिबकतं. म्हणजे थेंब पडतो तिथे भोक नसतं, ते त्याच्या वरच्या बाजूला असतं. मी विजेरी घेऊन ओल्या रेघेचा माग काढत वर गेलो आणि जिथे रेघ संपली तिथे खडूने फुली मारली. उन्हाच्या दिवशी माळ्यावर अंधार करून बघितलं तर फटींतून उजेडाचे ठिपकेही दिसतात. शाकारणीला मोजकीच कौलं बदलावी लागली. हेच छत मढवल्यावर कळलं असतं तर सगळं उचकटावं लागलं असतं.

* * *

आमच्याकडे कौलं नाहीत, पत्रा आहे. उन्हाळ्यात दुपारी वर पाऊल ठेववत नसे. पंखा लावून बघितला, तो वरची तापलेली हवा खाली ढकलायचा! शेवटी तीन गोष्टी केल्या. पत्र्याला बाहेरून पांढरा, ऊन परतवणारा रंग दिला. आतून चकचकीत फॉइल ताणलं. आणि आढ्याजवळ भिंतीत जाळीचा झरोका पाडला, म्हणजे खालच्या खिडकीतून आलेली हवा तापून वरून निघून जाते.

फॉइलबद्दल एक नीट लक्षात घ्या. ते पत्र्याला चिकटवलं तर काही उपयोग नाही, कारण उष्णता सरळ त्यातून खाली उतरते. दोन बोटं पोकळी ठेवायची आणि चकचकीत बाजू त्या पोकळीकडे करायची. आम्ही लाकडी रिपा मारून त्यावर ताणलं आणि खालून प्लायवूड ठोकलं. स्वस्त पडतो म्हणून थर्माकोल उघडा लावणारे बरेच दिसतात. तो भराभर पेटतो. लावायचाच असेल तर जिप्सम बोर्डाखाली पूर्ण झाकला गेला पाहिजे.

* * *

रंगाचं थोडक्यात: भिंत आणि उतरतं छप्पर दोन्हीला एकच फिका रंग द्या, मध्ये पट्टी काढू नका. भिंत कुठे संपते ते डोळ्याला कळत नाही आणि खोली मोठी वाटते. घरी स्वतः रंगवलं, मजुरी वाचली. मान मात्र आठवडाभर धरली होती.

* * *

इथे सगळे छपराकडे बघताहेत, मी पायाखालचं बोलते. घरात सुतारकामच आहे, म्हणून सांगते. बरेच माळे चार पेट्या ठेवण्यापुरते बांधलेले असतात, माणसांच्या रोजच्या वावराचा हिशेब त्यात धरलेला नसतो. आधी तक्तपोशीची एखादी फळी उचला आणि तुळया बघा. तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथे ओल धरते आणि कूज तिथूनच सुरू होते. स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबा. भुसभुशीत लागलं, आत शिरलं, किंवा खाली पिठासारखा भुसा पडलेला दिसला, तर पुढचं काम थांबवा. पॉलिश मारून कीड जात नाही.

पुस्तकांचं वजन लोकांना कळतच नाही. मीटरभर फळी पुस्तकांनी भरली की सहज पंचवीस-तीस किलो होतात. असं कपाट खोलीच्या मधोमध नको. तुळया ज्या भिंतींवर टेकल्यात त्या भिंतींलगत ठेवा. जाणकाराला पैसे द्यायचेच असतील तर ते इथे द्या. पडदे काय, पुढच्या वर्षी येतील.

* * *

वरच्या ताईंना अनुमोदन. सामानाचं माझ्याकडून. खरेदीआधी जिन्याची रुंदी आणि वळण मोजा, पलंग सुटा होणाराच घ्या. आम्ही पलंग घेतलाच नाही, गादी बुटक्या लाकडी चौकटीवर टाकली. उताराखाली गादीची जागा ठरवताना तिच्यावर बसून डोकं कुठे टेकतं तिथे पेन्सिलीने खूण केली आणि चौकट त्याच्या अलीकडे सरकवली. छप्पर जिथे गुडघ्यापर्यंत येतं त्या कोपऱ्यात जुन्या टेबलाचे खण चाकं लावून ढकललेत. अभ्यासाचं टेबल म्हणजे कपाटाचं काढलेलं दार, दोन लाकडी घोड्यांवर (सुतारी तिवयांवर) आडवं टाकलेलं.

* * *

कोणाच्या छपराला जुने सिमेंटचे पत्रे असतील तर सावध. त्यांत ॲस्बेस्टॉस, म्हणजे छातीला घातक असं तंतुमय खनिज, असू शकतं. भोक पाडणं, कापणं, घासणं अजिबात नको, सूक्ष्म तंतू हवेत उडतात. तपासून घेतल्याशिवाय हात लावू नका. आणि वायरिंग! जुन्या माळ्यावर बहुधा एका दिव्यापुरती वायर ओढलेली असते. त्यावरच पंखा, संगणक आणि हीटर जोडायचा नाही. वेगळी लाइन, वेगळा एमसीबी (जादा भार आला की वीज आपोआप तोडणारा खटका) आणि अर्थिंग हवंच. धुराचा अलार्मही लावा, तो फार महाग नसतो.

* * *

सगळ्यांचे आभार. रंग आणायला निघालो होतो, तो बेत पुढे ढकललाय. आधी तक्तपोशी उचलून बघतो, मग वायरमन. एक प्रश्न राहिला: सध्या वर जायला सरळ शिडी आहे. मुलगी रोज चढणार-उतरणार, आणि जिन्याला जागा नाही. काय करावं?

* * *

एकाआड एक अर्ध्या पायऱ्यांचा जिना बघा, डाव्या पावलाची वेगळी, उजव्याची वेगळी. साध्या जिन्याच्या साधारण निम्म्या जागेत बसतो. दोन्ही बाजूंना कठडा हवा, आणि पहिले काही दिवस उतरताना पाय चुकतो. तुमच्याकडे म्हातारी माणसं वर जाणार असतील तर मात्र करू नका.