शिरोलंबांवरून समद्विभुज त्रिकोणाचे कोन

विद्यार्थिनी, जळगाव: समद्विभुज त्रिकोणात पायावरील शिरोलंब १० सेमी व एकरूप बाजूवरील शिरोलंब १०√३ सेमी आहे. एकाही बाजूची लांबी दिलेली नसताना कोन कसे काढावेत?

शिक्षक, धुळे: क्षेत्रफळ दोन्ही शिरोलंबांनी मांडून पाहा. एकरूप बाजू ब आणि पायालगतचा कोन थीटा मानल्यास पाया २ब कॉस थीटा होतो. त्यामुळे ब दोन्हीकडून जातो आणि दुसरा शिरोलंब पहिल्याच्या २ कॉस थीटा पट उरतो. येथे ही पट √३ असल्याने थीटा ३०° आणि शिरःकोन १२०° येतो.

विद्यार्थिनी: सर, उत्तर पटले, पण आकृतीत तो लंब बाजूवर पडतच नाही.

वाचक, नंदुरबार: शिरःकोन विशालकोन असल्याने तो वाढवलेल्या बाजूवर, त्रिकोणाबाहेरच पडणार. माझीही येथेच गल्लत झाली होती.