लान्ट्सक्नेख्ट सैनिकाचा पोशाख: प्रत्येक टाका हाताचाच हवा का?

उरेबपट्टी

दक्षिण जर्मनीतील ज्या हौशी गटात मी सहभागी आहे, तो १५२५ च्या सुमाराचे लान्ट्सक्नेख्ट साकारतो. पुढे सम्राट झालेल्या पहिल्या मॅक्सिमिलियनने १४८० च्या दशकात उभारलेले हे भाडोत्री भालाईत पायदळ इटलीतील पाविआच्या लढाईत ज्या रूपात उतरले असेल, त्या रूपात प्रेक्षकांसमोर उभे राहणे हा आमचा उद्देश आहे. पुढील हंगामापासून पुरुषांच्या पोशाखात, दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या अशा दोन्ही ठिकाणी, यंत्राचा एकही टाका चालणार नाही, असा नियम गटाने केला आहे. माझा या नियमाला विरोध आहे.

पोशाखाचा खरेपणा प्रथम कापडात असतो, नंतर बेतण्यात असतो, आणि शिवण तिसऱ्या क्रमांकावर येते. त्या काळी बाह्यवस्त्रांचे उत्तम लोकरी कापड विणून झाल्यावर ओले करून कुटले जाई, त्यामुळे त्याची वीण इतकी दाट होई की कात्रीने चीर दिली तरी कडेला दशा सुटत नसत. लान्ट्सक्नेख्टांच्या बाह्यांवर आणि तुमानींवर ज्या असंख्य चिरा दिसतात, त्या याच गुणामुळे शक्य होत्या. आमच्यातील काही जण सुटाचे पातळ कापड आणून त्यावर चिरा देतात, पहिल्याच पावसात कडा पिंजतात, मग त्या दुमडून शिवल्या जातात आणि चिरेच्या जागी काजासारखी जाड फट तयार होते. ती फट हाताने शिवली काय किंवा यंत्राने शिवली काय, चूक ती चूकच.

बेतण्याचेही तसेच आहे. तंग तुमान सरळ धाग्यात बेतली तर गुडघा नीट वाकत नाही. ती उरेबच, म्हणजे धाग्याला तिरकीच, बेतावी लागते. शिवाय ती कमरेवर इलास्टिकने राहत नाही, तर आपल्या बाराबंदीला असतात तशा बंदांनी अंगरख्याला बांधली जाते. या बंदांच्या टोकांना धातूची टोपणे असतात आणि ते दोन वस्त्रांना एकमेकांशी जोडतात. अंगरखा कमरेत बरोबर बसला नाही, तर वाकताना मागचे बंद तुटतात आणि सदरा बाहेर येतो. आमच्या गटातील कित्येक जण आजच्या पॅन्टचे आसन तसेच ठेवून त्यावर रंगीत पट्ट्या आणि पुढचे फुगीर झाकण शिवतात, आणि नवा नियम मात्र त्यांच्या अस्तराखालची शिवण उलटून पाहणार आहे. जे तपासायला सोपे, तेच तपासण्याचा हा प्रकार आहे.

शिवाय ऑग्सबुर्ग किंवा न्यूर्नबर्गचा शिंपी वर्षानुवर्षे उमेदवारी करून तयार झालेला कारागीर असे. त्याच्या हाताचा वेग आणि टाक्यांचा सारखेपणा रविवारी दुपारी सुई धरणाऱ्या संगणक अभियंत्याकडे कोठून येणार? आपली हातशिलाई त्या काळच्या शिलाईपेक्षा ओबडधोबड होते आणि प्रेक्षकाचा समज होतो की जुने कपडे असेच गबाळे असत.

मेणदोरा

कापडाविषयीचे आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. शिवण तिसरी, हे मात्र मान्य नाही, आणि त्याचे कारण आपणच दिलेले आहे. उरेब बेतलेले कापड ताणले जाते म्हणूनच ते मांडीवर नीट बसते. मग त्या शिवणीलाही तितकेच ताणता आले पाहिजे. मेण लावलेल्या लिननच्या दोऱ्याने उलटी टीप घालताना दोरा किंचित सैल सोडता येतो, वळणाच्या जागी टाके जवळ घेता येतात आणि जिथे ताण नाही तिथे साध्या धावदोऱ्यावर भागवता येते. यंत्राच्या टिपेत वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकलेले असतात. तशी सरळ टीप उरेब शिवणीवर घातली, तर एक तर कापडाला सुरकुत्या पडतात किंवा पहिल्यांदा गुडघा टेकताच आसनात शिवण उसवते. भर मैदानात आसन उसवलेला भालाईत आपण दोघांनीही पाहिलेला आहे. नाव घेत नाही.

अस्तराचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. यंत्रावर शिवणारा बहुधा बाहेरचे कापड वेगळे शिवतो, अस्तर वेगळे शिवतो आणि मग पिशवीसारखे एकात एक उलटवतो. दोन्ही थर एकाच मापाचे असल्याने अस्तर आत गोळा होते आणि गळ्याच्या व चिरांच्या कडेतून डोकावू लागते. हाताने शिवताना कापड बोटांवर गोल वळवून धरायचे, त्या गोलाईत अस्तर ओढून बसवायचे आणि कडेपासून थोडे आत टाचायचे, म्हणजे आतला थर केसभर आखूड पडतो आणि कड आपोआप आतल्या बाजूला झुकते. अंगरखा छातीवर भरीव दिसतो, तो या एवढ्याशा कामामुळे. हा फरक दहा पावलांवरूनही कळतो. तो अस्तराखाली दडून राहत नाही.

अभियंत्याचा हात ओबडधोबड असतो, हे खरे. पण नियमच नसेल, तर तो हात सुधारण्याची वेळ कधी यायची?

ठसेकाम

आपण दोघे भांडत असलात तरी एका गोष्टीवर न बोलता सहमत आहात, ती म्हणजे १५२५ च्या साध्या सैनिकाचे कपडे कसे शिवले जात हे आपल्याला ठाऊक आहे. हा विश्वास कशावर उभा आहे, ते एकदा पाहू.

शिवणीचे दाखले म्हणून ज्या वस्त्रांकडे आपण बोट दाखवतो, त्यांचे मालक कोण होते? ड्रेस्डेनला जतन केलेली वस्त्रे सॅक्सनीचा इलेक्टर (सम्राट निवडण्याचा अधिकार असलेला राजा) मोरित्स याची, आणि तो वारला १५५३ मध्ये. उप्सालाच्या कॅथेड्रलमधील वस्त्रे १५६७ मध्ये मारल्या गेलेल्या स्टूरे घराण्यातील तिघांची. फ्लॉरेन्समधील वस्त्रे मेदिची घराण्याच्या थडग्यांतून काढलेली. यातील एकही माणूस महिन्याला चार गुल्डन (त्या काळचे जर्मन नाणे) पगारावर लांब भाला खांद्यावर घेऊन आल्प्स ओलांडणारा नव्हता. सामान्य माणसांच्या अंगावरच्या वस्तूंचा मोठा साठा हवा असेल, तर तो 'मेरी रोझ' या इंग्रज युद्धनौकेत सापडतो. ती १५४५ मध्ये बुडाली आणि १९८२ मध्ये पाण्याबाहेर काढली गेली. तिच्यात चामड्याची जाकिटे आणि शेकडो पादत्राणे टिकली, काही लोकरी वस्तूही टिकल्या. लिनन मात्र पाण्यात कुजून गेले, आणि लिननचे सदरे गेले तसा लिननचा दोराही गेला. चामड्याला सुईची भोके राहिली आणि टाके नाहीसे झाले. सामान्य लोकांच्या वस्त्रांचा जिथे इतका थेट पुरावा हाती आहे, तिथे नेमका टाकाच नाही, आणि आपण त्या टाक्यावरून नियम करतो आहोत.

उरतात ती चित्रे. एऱ्हार्ड श्योन, निक्लास श्ट्योर, झेबाल्ड बेहाम यांचे लाकडी ठशांचे सैनिक आपण सर्वांनी फोनमध्ये साठवलेले आहेत. ही न्यूर्नबर्गची चित्रे १५३० च्या आसपास, काही तर मोठ्या मालिकांतून, विकण्यासाठी छापली गेली. हान्स गुल्डेनमुंटसारखे प्रकाशक त्यांवर पद्ये छापून ती बाजारात आणत. घेणाऱ्याला ऐटबाज, मिशाळ, पिसांच्या टोपीचा लान्ट्सक्नेख्ट हवा असे आणि चित्रकार तो देत असे. त्या चित्रांवरून आपण संपूर्ण तुकडी उभी केली, की सगळेच दुप्पट पगाराचे नामांकित योद्धे होतात आणि साधा शिपाई शोधून सापडत नाही.

याच्या शेजारी बासलच्या ऊर्स ग्राफचे १५२१ चे रणभूमीचे चित्र ठेवून पाहावे. ग्राफ हा सोनार होता, चित्रकार होता आणि स्वतः स्विस भाडोत्री सैनिक म्हणून लढलेला होता. त्याच्या त्या चित्रात पुढच्या बाजूला एक सैनिक निवांतपणे बुधल्यातून पाणी पितो आहे आणि त्याच्या आसपास प्रेते पडली आहेत, त्यातील काही उघडी. मेलेल्याचा अंगरखा ही किमती वस्तू होती, ती जमिनीवर राहत नसे. लुटीचे, जुन्या बाजारातले, दुसऱ्याच्या मापाचे, ठिगळ लावलेले कपडे घातलेले शिपाई आपल्या तळावर किती आहेत? मला तरी दिसत नाहीत, कारण प्रत्येकाने मापाने शिवून घेतलेले नवे कपडे घातलेले असतात आणि त्यात पुन्हा प्रत्येकाला सर्वांत जास्त चिरा हव्या असतात. बर्गंडीचा ड्यूक चार्ल्स याचे तंबू लुटून स्विसांनी रेशमाच्या चिंध्या फाटक्या कपड्यांत कोंबल्या आणि त्यातून चिरांची फॅशन आली, ही कथाही आम्ही प्रेक्षकांना बिनदिक्कत सांगतो, आणि ती सांगताना अंगावर एकही फाटका कपडा नसतो.

नियम करायचाच असेल, तर तो तुकडीच्या रचनेचा करा: बहुतेकांचे कपडे साधे आणि वापरलेले, थोड्यांचे चिरांचे, आणि शहामृगाची पिसे मोजक्याच टोप्यांवर.

ठिणगी

मी आर्केबुस, म्हणजे वातीने डागायची जुनी बंदूक, चालवणाऱ्यांबरोबर उभा राहतो, म्हणून एवढेच सांगतो. पेटत्या वातीची आणि दारूची ठिणगी शुद्ध लोकरीवर पडली, तर तिथे काळा डाग पडतो आणि ती विझते. पॉलिएस्टरच्या नकली मखमलीवर पडली, तर ते कापड वितळून कातडीला चिकटते. नियमावलीतले पहिले कलम कापडाचे असावे, आणि ते ऐतिहासिकतेच्या नावाने नसले तरी माझी हरकत नाही.

मेणदोरा

ठसेकाम यांचे विवेचन मी दोनदा वाचले. तुकडीच्या रचनेविषयी ते बरोबर बोलत आहेत. पण चामड्यावरच्या भोकांवरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला उलटा वाटतो. दोरा गेला, तरी भोकांमधले अंतर राहिले, शिवणीची वाट राहिली, ताण कुठे पडत होता ते चामड्याच्या ओढीवरून कळते. शिवणाऱ्या माणसाला एवढ्यावरून बरेच वाचता येते, आणि ते वाचायला ज्याने स्वतः आरीने चामडे टोचले आहे असाच माणूस लागतो.

मोठ्या लोकांची वस्त्रे अगदीच निरुपयोगी आहेत, असेही नाही. ऑग्सबुर्गच्या फुगर या सावकारी पेढीचा हिशेबनीस माथेउस श्वार्त्स याने आपल्या कपड्यांची जी चित्रे काढून घेतली, त्यातील १५३० सालचा लाल-पिवळा पोशाख आपल्या काळात इतिहासकार उलिंका रुब्लाक आणि वेशभूषाकार जेनी टिरामानी यांच्या पुढाकाराने पुन्हा तयार करण्यात आला. श्वार्त्स सैनिक नव्हता. पण ऑग्सबुर्ग तेच, काळही जवळजवळ तोच, आणि अंगरख्याला तुमान बंदांनी बांधण्याची रीतही तीच. चित्रात जे सपाट दिसते, ते प्रत्यक्ष शिवायला घेतल्यावरच प्रश्न विचारू लागते. (याच श्वार्त्सने १५२६ मध्ये, एकोणतिसाव्या वर्षी, आपले नग्न चित्र पुढून आणि मागून काढून घेतले आणि आपण जाड झालो आहोत अशी नोंद केली. आमच्या गटातील पोटांच्या प्रश्नाला इतका आधार पुरेसा आहे.)

आणि ठिगळांचे काय? आपण म्हणता तसे वापरलेले कपडे तळावर हवे असतील, तर ते तळावरच दुरुस्त होतील, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत, हातात सुई घेऊन. ज्याला हातशिलाई येत नाही, त्याच्या अंगावरचे ठिगळ ही नुसती सजावट ठरते.

उरेबपट्टी

आसनाच्या शिवणीबाबतचे म्हणणे मला पटते. तुमान आणि अंगरख्याच्या कडा हाताने शिवाव्यात, असे मीच गटाला सुचवीन. पण आतल्या सदऱ्याचे काय? त्याच्या लांबच लांब शिवणी सरळ असतात, त्यांवर ताण नसतो आणि त्या दिवसभर अंगरख्याखाली झाकलेल्या असतात. त्या यंत्रावर घातल्या, तर नवा सभासद पहिल्याच हंगामात उभा राहू शकतो. ठिणगी यांच्या कलमाप्रमाणे कापडावर खर्च करायचा, पादत्राणे शिवून घ्यायची, त्यावर प्रत्येक टाका हाताचा, एवढे सगळे पहिल्या वर्षी मागितले तर मेंबर राहणार कोण?

मेणदोरा

नेमका सदराच मी सोडणार नाही. सदरा म्हणजे चौकोनी तुकडे, काखेत छोटी चौकोनी कळी आणि गळ्याला व मनगटाला चुण्या. कापड वाया जात नाही आणि गोल बेतण्याचे कौशल्य लागत नाही. हातशिलाई शिकण्यासाठी याहून सोपे वस्त्र मिळणार नाही, आणि आपण तेच यंत्राला देऊन नवख्याच्या हातात उरेब तुमान ठेवता आहात. शिवाय जुलैच्या उन्हात तळावर अंगरखे उतरतात. चिलखत पुसणारा, लाकूड फोडणारा, पत्ते खेळणारा प्रत्येक जण तेव्हा सदऱ्यावरच असतो, आणि प्रेक्षक हातभर अंतरावर उभा असतो.

ठसेकाम

सदरा उसना द्यावा. गटाच्या पेटीत तीन-चार मापांचे हातशिलाईचे सदरे ठेवले, तर नवख्याची सोय होते, आणि दुसऱ्याच्या मापाचा सदरा घातलेला निदान एक शिपाई तरी आपल्या तळावर दिसेल.

उरेबपट्टी

ही सूचना मी बैठकीत मांडतो. फक्त पेटीतले सदरे कोणी शिवायचे, हे त्याच बैठकीत ठरू द्या. मेणदोरा यांचे नाव मी परस्पर लिहून देणार नाही.

मेणदोरा

दोन लिहा. बाकीचे ज्यांनी नियमाच्या बाजूने हात वर केले, त्यांच्यात वाटा.