देवदूताच्या दर्शनाची अपेक्षा धरणे चूक आहे का?

प्रश्न : माघवारा

मी मूळची साताऱ्याची असून गेली सहा वर्षे नोकरीनिमित्त युटा राज्यातील प्रोव्हो शहरात राहते. दोन वर्षांपूर्वी मी ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ या चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. बाहेरचे लोक या पंथाला मॉर्मन म्हणून ओळखतात. तो निर्णय पूर्ण विचारांती घेतलेला आहे आणि त्यावर मला चर्चा नको आहे.

मी ज्या घरात वाढले तिथे देव माणसाशी बोलतो हे गृहीतच धरलेले असे. आजी देवीच्या दृष्टांताविषयी सांगत असे, आणि तुकोबांना बाबाजींनी स्वप्नात येऊन मंत्र दिला ही कथा तर आम्हा मुलांना पाठ होती. त्यामुळे १८२३ च्या सप्टेंबरमध्ये मोरोनी हा देवदूत एका रात्रीत तीनदा आमच्या चर्चचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांच्या खोलीत आला, हे वाचताना मला मुळीच परके वाटले नाही. उलट, तेव्हा आला तर आताही येईल, असे मनाने धरले. गेल्या हिवाळ्यात मी कित्येक रात्री पलंगाशेजारी गुडघे टेकून बसले, पाय गार पडेपर्यंत. खोलीत माझ्या श्वासाखेरीज दुसरा आवाज नव्हता.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या वॉर्डात, म्हणजे स्थानिक मंडळीत, उपवास असतो आणि ज्याला इच्छा होईल तो उठून माइकसमोर साक्ष देतो. जवळजवळ प्रत्येकाचे वाक्य ‘मला ठाऊक आहे’ असे सुरू होते. मला ते म्हणता येत नाही. माझी श्रद्धा कमी पडते आहे, की माझी अपेक्षाच चुकीची आहे?

उत्तर : पश्चिमघाट

माघवाराताई, मी याच चर्चचा सदस्य आहे आणि बाप्तिस्म्यानंतरची पहिली काही वर्षे मीही याच प्रश्नात काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अपेक्षा चुकीची आहे असे आपले ग्रंथ म्हणत नाहीत. आपला धर्मग्रंथ बुक ऑफ मॉर्मन, त्यातील ‘मोरोनी’ नावाच्या पुस्तकाच्या ७ व्या अध्यायात ‘देवदूत माणसांना दिसायचे थांबले आहेत काय?’ असा प्रश्न येतो आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. परंतु आपण जे वचन मनात धरून गुडघे टेकता, ते त्याच पुस्तकाच्या १० व्या अध्यायातले आहे. ते पुन्हा एकदा सावकाश वाचावे. प्रामाणिक मनाने आणि ख्रिस्तावर विश्वास ठेवून विचारणाऱ्याला सत्य कळेल आणि ते पवित्र आत्म्याच्या सामर्थ्याने कळेल, असे तिथे सांगितले आहे. देवदूत पाठवू, असे त्या वचनात कुठेही म्हटलेले नाही. जे देऊ केलेलेच नाही ते मिळाले नाही म्हणून स्वतःला दोष देणे मला अन्यायाचे वाटते.

शिवाय, ज्यांना देवदूत दिसला त्यांचे पुढे काय झाले तेही पाहावे. बुक ऑफ मॉर्मनमधले लामान आणि लेमुएल हे भाऊ धाकट्या भावाला काठीने मारत असताना देवदूत समोर उभा राहिला आणि त्याने त्यांना थांबवले. तो निघून गेला आणि दोघांनी लगेच पुन्हा कुरकुर सुरू केली. त्याच ग्रंथातल्या धाकट्या आल्मा या संदेष्ट्यालाही देवदूत दिसला, भूमी हादरली आणि तो जमिनीवर कोसळला. पण पुढे लोकांसमोर बोलताना, हे मला कसे कळले ते सांगायची वेळ आली, तेव्हा तो देवदूताकडे बोट दाखवत नाही. अनेक दिवस उपवास आणि प्रार्थना केली आणि पवित्र आत्म्याने ते मला कळवले, असे म्हणतो. मला हा उतारा फार मोलाचा वाटतो, कारण तो दर्शन घडलेल्या माणसाच्या तोंडचा आहे.

डेव्हिड मॅके १९५१ ते १९७० या काळात चर्चचे अध्यक्ष होते. मुलगा असताना ते एकदा युटातल्या डोंगरात गुरे शोधायला गेले होते. चढावर घोड्याला विसावा देताना त्यांना साक्षात्काराची अनावर ओढ लागली आणि ते उतरून एका झुडपाखाली गुडघे टेकून बसले. काहीही घडले नाही. प्रार्थनेपूर्वी होतो तसाच मुलगा मी अजूनही आहे, अशी कबुली त्यांनी घोड्यावर बसताना स्वतःशी दिली आणि पुढे ती उघडपणे सांगितली. ज्याची आस धरली होती तो अनुभव त्यांना १८९९ मध्ये ग्लासगोच्या एका सभेत आला, तेव्हा ते स्कॉटलंडमध्ये मिशनरी होते. मधली सगळी वर्षे ते अश्रद्ध होते असे कोण म्हणेल?

उत्तर : नगरची लेक

मी नगरच्या मराठी ख्रिस्ती घरातली आहे. बायबलनंतरचे ग्रंथ आम्ही प्रमाण मानत नाही; हा मतभेद आधीच स्पष्ट केलेला बरा.

तरीही आपला प्रश्न मला जवळचा वाटला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना १८९३ मध्ये आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या गृहस्थाने नवा करार दिला. पुढे त्यांचे मन वळले ते डोंगरावरील प्रवचन वाचता वाचता, आणि १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यात ना प्रकाश होता ना देवदूत, तरी आमच्या समाजात त्या वाचनाला कोणी कमी लेखत नाही.

मात्र एक काळजी वाटते. सगळे एकच वाक्य म्हणत असताना ते आपल्यालाही म्हणता यावे म्हणून मन अनुभव रचू लागते. ते टाळावे.

माघवारा

दोघांचेही मनापासून आभार. आल्माचा उतारा काल रात्री पुन्हा वाचला. एक शंका उरते. खरे उत्तर मिळाले की छातीत ऊब दाटून येते, असे वॉर्डात सांगतात. मला तसे कधी झाले नाही. फक्त एकदा, तळघरातल्या धुलाईखोलीत कपड्यांच्या घड्या घालताना, कारण नसताना मन अगदी स्वस्थ झाले होते. त्याला उत्तर म्हणावे काय?

उत्तर : पश्चिमघाट

मी म्हणेन. छातीतल्या उबेचे वचन डॉक्ट्रिन अँड कव्हेनंट्स या आपल्या साक्षात्कारांच्या ग्रंथाच्या ९ व्या विभागात आहे. ते एप्रिल १८२९ मध्ये जोसेफ स्मिथ यांचे लेखनिक ऑलिव्हर काउडरी यांना बुक ऑफ मॉर्मनच्या भाषांतराच्या कामासंबंधी दिलेले होते. त्याच महिन्यात त्याच माणसाला मिळालेल्या ६ व्या विभागात, ‘मी तुझ्या मनाला शांती दिली नव्हती काय, याहून मोठी साक्ष ती कोणती?’ अशा अर्थाचे शब्द आहेत. उबेचे वचन सगळ्यांच्या तोंडी असते आणि शांतीचे मागे राहते, याची मला खंत वाटते. आपल्या चर्चचे नेते डॅलिन ओक्स यांनीही १९९८ च्या ऑक्टोबरमधील चर्चच्या परिषदेत, देवदूताचा संदेश न दिसताही, केवळ विचार किंवा भावना म्हणून येऊ शकतो, असे सांगितले होते. म्हणजे त्या धुलाईखोलीत कोणी आले नव्हते, असेही आपल्याला ठामपणे म्हणता येणार नाही.

राहिले माइकवरचे वाक्य. नगरच्या ताईंची काळजी मला योग्य वाटते. त्याच ग्रंथाचा ४६ वा विभाग दाने मोजताना सांगतो की काहींना जाणून घेण्याचे दान मिळते, तर काहींना त्यांच्या शब्दांवर विश्वास ठेवण्याचे. आणि दोन्ही एकाच आत्म्याची दाने आहेत. तेव्हा येत्या उपवासाच्या रविवारी बोलावेसे वाटले, तर ‘माझा विश्वास आहे’ एवढेच म्हणावे आणि घड्या घालतानाचा तो प्रसंग जसा घडला तसा सांगावा.