साठेखताचा दावा : कनिष्ठ स्तर की वरिष्ठ स्तर? आणि साताऱ्यात की पुण्यात?

नवी_सनद

माहीतगारांचे मत हवे आहे. माझा पक्षकार खरेदीदार आहे. बिनशेती प्लॉट सातारा जिल्ह्यातील एका तालुक्यात आहे. साठेखत (पुढे खरेदीखत करून देण्याचा करार) 10 जून 2023 चे, ठरलेली किंमत 18 लाख, विसार 4 लाख चेकने दिलेला. खरेदीखत सहा महिन्यांत करून द्यायचे ठरले होते. विकणारा पुण्यात राहतो. साठेखतावर सह्या आणि चेकची देवघेव, दोन्ही पुण्यात झाली. शेवटच्या पानावर ‘वाद झाल्यास फक्त पुणे न्यायालयास अधिकार राहील’ असे कलम आहे. आता तो टाळाटाळ करतो आणि प्लॉट तिसऱ्याला दाखवतो. ताबा मिळालेला नाही.

प्रश्न दोन. विसार 4 लाखच असल्यामुळे तालुक्याच्या कनिष्ठ स्तर न्यायालयात दावा चालेल का? आणि पुण्याच्या कलमाचे काय करायचे?

कोर्टफी_कारकून

मूल्यांकनाचे आधी सांगतो, कारण बहुतेक वेळा चूक तिथेच होते. करारपूर्तीच्या (ठरल्याप्रमाणे खरेदीखत करून मागण्याच्या) दाव्याचे मूल्य म्हणजे करारात ठरलेला पूर्ण मोबदला. दिलेला विसार नव्हे, राहिलेले 14 लाख नव्हेत, आणि आजचा बाजारभाव 30 लाख झाला असला तरी तोही नव्हे. महाराष्ट्र कोर्ट फी कायद्याच्या कलम 6 मध्ये अशा दाव्यासाठी मोबदल्याचीच रक्कम धरलेली आहे. म्हणजे तुमचे मूल्य 18 लाख.

1869 च्या दिवाणी न्यायालये कायद्याच्या कलम 24 प्रमाणे कनिष्ठ स्तराची मर्यादा 5 लाख. त्यावरचे सगळे वरिष्ठ स्तराकडे. तेव्हा हा स्पेशल (वरिष्ठ स्तरावरचा) दिवाणी दावा होईल, रेग्युलर (कनिष्ठ स्तरावरचा) नाही. तालुक्याला फक्त कनिष्ठ स्तर असेल, तर तो तालुका ज्या वरिष्ठ स्तर न्यायालयाला जोडलेला आहे तिथे जावे लागेल. हे जिल्हा न्यायालयाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या, अंदाजाने जाऊ नका. शेजारचा तालुका जवळ असला तरी त्याच न्यायालयाला जोडलेला असेलच असे नाही.

गावचा_वकील

एक व्यवहारी तोड सुचवतो. आत्ता तालुक्याला नुसता मनाईचा (प्लॉट तिसऱ्याला विकू नये असा) दावा टाका. मूल्यांकन किरकोळ, कोर्ट फी नाममात्र, निशाणी 5 वर (अंतरिम मनाईच्या अर्जावर) लगेच तूर्तातूर्त मनाई मागता येते. करारपूर्तीचा दावा नंतर सावकाश वरिष्ठ स्तरावर करता येईल.

बांधावरचा

गावचे वकीलसाहेब, या सल्ल्यावर पक्षकाराचा प्लॉट जाऊ शकतो. दिवाणी प्रक्रिया संहितेचा ऑर्डर 2 रूल 2 आडवा येतो. मनाईचा दावा दाखल करताना विकणाऱ्याचा नकार स्पष्ट झालेला असेल, तर दोन्ही मागण्यांचे कारण एकच. त्या दिवशी करारपूर्ती मागता येत होती, ती न्यायालयाच्या परवानगीशिवाय सोडली, तर पुन्हा मागता येत नाही. व्हर्गो इंडस्ट्रीज विरुद्ध व्हेन्चरटेक (2012) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नेमके हेच सांगितले : आधी मनाई, मग करारपूर्ती, आणि दुसरा दावा बाद. खरेदीखताची मुदत अजून संपलेली नव्हती, हा बचावही तिथे टिकला नाही.

शिवाय विशिष्ट साहाय्य कायद्याचे कलम 41(एच) आहेच. करारपूर्तीचा पुरेसा मार्ग मोकळा असताना नुसती मनाई मिळत नाही. म्हणजे निशाणी 5 चा अर्जही लंगडा.

करायचे ते असे : वरिष्ठ स्तरावर एकच दावा, त्यात करारपूर्ती, ताबा, पर्यायी मागणी म्हणून विसार व्याजासह परत, आणि तिसऱ्याला विकू नये म्हणून मनाई. ताबा आणि विसाराचा परतावा विशिष्ट साहाय्य कायद्याच्याच कलम 22 प्रमाणे स्पष्ट मागावा लागतो, न मागता न्यायालय देत नाही. राहून गेलाच तर दुरुस्ती करता येते, पण मुळात राहू कशाला द्यायचा? 18 लाखांवर कोर्ट फी भरायची जिवावर येते म्हणून लोक ही मनाईची पळवाट शोधतात. त्यात वाचते थोडे आणि जाते सगळे.

तलाठी किंवा तहसीलदाराला ‘नोंद करू नये’ म्हणून प्रतिवादी करण्याची सवयही सोडा. सरकारी अधिकारी पदाच्या नात्याने प्रतिवादी झाला की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस आली, नाहीतर ती टाळायला परवानगीचा वेगळा अर्ज. आणि असा दावा 5 लाखांच्या आतला असला तरी कनिष्ठ स्तराला घेता येत नाही.

हुकूमनामा

पुण्याच्या कलमाबद्दल. जमिनीच्या दाव्याला दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 16 लागते : मिळकत जिथे, दावा तिथे. या कलमाच्या परंतुकाचा (अपवादाचा) आधार घेऊन काहीजण म्हणतात, प्रतिवादी पुण्यात राहतो, खरेदीखतावर सही करायला लावणे ही त्याच्यावर वैयक्तिक सक्ती आहे, म्हणून पुणे चालेल. हर्षद मोदी विरुद्ध डीएलएफ (2005) मध्ये हाच मुद्दा होता. प्लॉट गुरगावचा, करार दिल्लीत झालेला, पैसे दिल्लीत दिलेले, वाद दिल्लीतच चालवायचे कलमही होते. दाव्यात करारपूर्तीबरोबर ताबाही मागितला होता. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, दिल्लीला अधिकार नाही. ताबा हा नुसत्या सहीने मिळत नाही, म्हणून परंतुक लागू नाही.

‘फक्त पुणे’ हे कलम उपयोगी कधी? कायद्याने दोन किंवा अधिक न्यायालयांना अधिकार असतो तेव्हा, त्यातले एक निवडायला. नसलेला अधिकार पक्षकारांच्या संमतीने निर्माण होत नाही. तेव्हा सातारा जिल्हाच.

नवी_सनद

सर्वांचे आभार. पक्षकार आता म्हणतो, प्लॉट नको, नुसते पैसे परत मागू. मग 4 लाखांचा दावा कनिष्ठ स्तरावर बसेल ना?

कोर्टफी_कारकून

व्याज धरून पाहा. दाव्याच्या तारखेपर्यंतचे मागितलेले व्याज मूल्यात मिळवतात, दावा चालू असतानाचे आणि पुढचे मिळवत नाहीत. समजा द.सा.द.शे. 12 ने मागता. 4 लाखांवर महिन्याला 4,000. 10 जून 2023 पासून 25 महिन्यांत म्हणजे 10 जुलै 2025 ला बरोबर 5 लाख होतात. त्यापुढे एक दिवसही गेला की मर्यादा ओलांडली. तीन वर्षांचे धरले तर 5,44,000. तरीही कनिष्ठ स्तरच हवा असेल तर ऑर्डर 2 रूल 2 मध्येच सोय आहे : मर्यादेत बसण्यासाठी मागणीचा काही भाग सोडून देता येतो. दाव्यात तसे स्पष्ट लिहा. सोडलेले 44,000 मात्र पुन्हा कधी मागता येणार नाहीत.

हुकूमनामा

नुसत्या पैशाच्या दाव्याला त्याच संहितेचे कलम 20 लागते, म्हणून इथे पुणे चालते. प्रतिवादी तिथे राहतो, पैसेही तिथेच दिले, आणि ते शेवटचे कलमही इथे कामाला येईल. पण विसार देणाऱ्याचा मिळकतीवर बोजा (त्या मिळकतीतून रक्कम वसूल करण्याचा हक्क) असतो, मालमत्ता हस्तांतरण कायदा कलम 55(6)(बी). तो बोजा वसूल करून मागितला की दावा पुन्हा कलम 16 खाली, म्हणजे साताऱ्याकडे. विकणाऱ्याच्या नावावर दुसरे काही नसेल तर बोजा सोडू नये. मात्र खरेदीदारानेच विनाकारण खरेदीखत नाकारले असेल, तर बोजा त्या रकमेपुरता टिकत नाही. म्हणून ‘प्लॉट नको’ हे पत्राने कळवण्याआधी थांबा.

बांधावरचा

मुदत विसरू नका. खरेदीखताची तारीख ठरलेली आहे, म्हणून मुदत कायद्याच्या अनुच्छेद 54 प्रमाणे तीन वर्षे तिथून, म्हणजे 10 डिसेंबर 2026 पर्यंत. शेवटच्या आठवड्यात चुकीच्या न्यायालयात दावा टाकला आणि तो परत आला, तर सगळा भार त्याच कायद्याच्या कलम 14 वर (चुकीच्या न्यायालयात गेलेला काळ वगळण्याची सोय). ते मिळते, पण सद्भावना आणि तत्परता सिद्ध करून. प्रतिवादीने कैफियतीत (लेखी उत्तरात) हरकत घेतल्यावरही वर्षभर तिथेच रेटत बसलात, तर सद्भावना दाखवणे अवघड.

नवी_सनद

परत आलाच तर पुरावा पुन्हा नोंदवावा लागतो का?

हुकूमनामा

हो. ऑर्डर 7 रूल 10 खाली परत मिळालेला दावा योग्य न्यायालयात नव्याने सुरू होतो. आधीच्या ठिकाणची साक्ष पुढे चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ईएक्सएल करिअर्स (2020) या निकालानंतर याबद्दल वाद उरलेला नाही. न्यायाधीश दाव्यावर दाखल केल्याची तारीख, परत दिल्याची तारीख, कोणी दाखल केला आणि थोडक्यात कारण लिहितात. तो शेरा पुरा आहे का हे टेबलावरच वाचून घ्या, कलम 14 च्या अर्जाला तोच लागतो. परत देण्याचा आदेश होण्याआधी रूल 10-ए प्रमाणे अर्ज द्या : कोणत्या न्यायालयात दाखल करणार ते लिहून तिथल्या हजेरीची तारीख मागा. ती मिळाली की विकणाऱ्यावर समन्स पुन्हा बजावायची गरज राहत नाही. समन्स चुकवणारा प्रतिवादी असेल तर यात काही महिने वाचतात. आदेश मान्य नसेल तर त्यावर ऑर्डर 43 खाली अपील आहे, पण रूल 10-ए चा अर्ज दिला आणि मंजूर झाला की ते अपील करता येत नाही. दोन्हीपैकी एक ठरवूनच पुढे जा.