मांडव : लग्नाचा आणि वेलाचा

प्रश्न

आमच्या भागातल्या एका रोपवाटिकेसाठी माहितीपत्रक लिहितो आहे. बागेत खांब रोवून वर आडव्या पट्ट्या टाकतात, त्यावर वेल सोडतात, खालून ये-जा करता येते. दुकानदार त्याला 'पर्गोला' म्हणतात. मराठीत काय लिहू? कोणी 'लताकुंज' सुचवलं, कोणी 'वेलकमान'. मला 'मांडव' सुचतो, पण मांडव म्हटलं की लोकांना लग्नच आठवतं.

उत्तर, दर्यापूरकडून

मांडवच लिहा. लग्न आठवलं तर आठवू द्या, दोन्ही मांडव मुळात एकच आहेत.

संस्कृत मंडप, त्याचा प्राकृतात मंडव आणि मराठीत मांडव. दीपाचा दिवा झाला तसाच इथेही प चा व झाला. आमच्या वऱ्हाडीत तो आणखी झिजून 'मांडो' होतो. वेलाशी त्याचं नातं आजचं नाही. मेघदूताच्या उत्तरमेघात यक्ष अलका नगरीतल्या आपल्या घराच्या खुणा सांगतो, त्यांत बागेतला माधवीमंडप आहे, म्हणजे माधवीच्या वेलाचा मांडव. ज्या रामगिरीवरून तो हे सांगतो, तो आपला रामटेक असं अनेक अभ्यासक मानतात. त्यामुळे विदर्भातल्या माणसाने हा शब्द वापरायला बिचकू नये असं मला मनापासून वाटतं. 'पर्गोला' मूळ लॅटिनमधून इटालियनमध्ये आलेला शब्द, भिंतीबाहेर काढलेलं छप्पर असा त्याचा जुना अर्थ.

आमच्या सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, आजीचा दोडक्याचा मांडव असायचा. बाभळीच्या चार मेढी, म्हणजे वर बेचकं असलेले खांब. बेचक्यात आडवी लाकडं, त्यावर पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्या पसरलेल्या. मृगात आळं करून बी टोकायचं आणि आळ्यातून वरपर्यंत एक सुतळी बांधायची. पोळ्याच्या सुमाराला खाली वाकून गेलं की दोडके डोक्याला लागायचे. जमिनीवर पसरलेल्या वेलाचा दोडका वाकडा होतो, मांडवाचा सरळ लोंबतो. आजी म्हणायची, "येल मांडोवर गेला का मंग त्याची काळजी नाई." वेल मांडवाला जाणे, म्हणजे संसार मार्गी लागणे, हा वाक्प्रचार असाच बागेतून घरात आला.

लग्नाच्या मांडवालाही तीच मेढ लागते. पहिला खांब शुभ वेळ पाहून रोवायचा, तीच मुहूर्तमेढ. आज संस्थेची मुहूर्तमेढ रोवली असं लिहिणाऱ्या कितीजणांच्या डोळ्यांसमोर ते लाकडाचं बेचकं येत असेल? मग मांडवडहाळ्याच्या दिवशी गाडीबैलाने हिरवे डहाळे आणून वर टाकायचे. खांब, आडवी लाकडं, वर हिरवळ, चारही बाजू मोकळ्या. आजीच्या मांडवात आणि नवरीच्या मांडवात फरक एवढाच, की एकावर हिरवळ आपण टाकतो आणि दुसऱ्यावर ती स्वतः चढते.

शंका

मग कारल्याला दोन खांबांमध्ये तारा ओढून वेल उभा चढवतात, तोही मांडवच का?

उत्तर, दर्यापूरकडून

नाही, ती ताटी. कृषी खात्याच्या माहितीपुस्तिकांतही ताटी पद्धत आणि मंडप पद्धत अशी वेगवेगळी नावं आहेत, आणि शेतकरी ती चुकवत नाही. ताटी भिंतीसारखी उभी, मांडव छपरासारखा आडवा. खाली माणूस उभा राहू शकतो का, एवढं पाहिलं तरी पुरे. द्राक्षबागेतला लोखंडी अँगल आणि तारांचा सांगाडा छपरासारखा असला, तर तोही मांडवच. लाकूड गेलं, लोखंड आलं, शब्द टिकला. अंजनगाव सुर्जीकडचा पानमळा मात्र मांडव नव्हे. तिथे नागवेल उभ्या आधारावर चढतो.

'कुंज' मला इथे पटत नाही. कुंज म्हणजे झाडावेलींनी आपोआप दाटलेली जागा. तिथे खांब नसतो आणि सुताराचा हातही नसतो. 'कमान' दारावर शोभते, दहा फूट लांब वाटेवर नाही.

भंडाऱ्याहून

थोडी भर घालतो. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते. दिवसा दंडार हे लोकनाट्य, रात्री नाटक, आणि लेकीजावई त्यासाठी मुद्दाम येतात. हा 'मंडई' शब्दही मंडपाच्याच घरचा. जुन्या शिलालेखांत 'मंडपिका' येते, म्हणजे जकात घेण्याची, व्यापाराची जागा. तिच्यापासूनच पुढे मांडवी आणि मंडई आली. म्हणजे भाजी ज्या मांडवावर पिकते आणि ज्या मंडईत विकली जाते, ती दोन्ही नावं एकाच मुळाची.

उत्तर, दर्यापूरकडून

हे फार छान सांगितलंत. मंडई मी रोज म्हणतो, पण हा धागा माझ्या ध्यानात नव्हता.

आता माहितीपत्रकाचं. पहिल्यांदा 'वेलींचा मांडव (पर्गोला)' असं लिहा, म्हणजे दुकानात पर्गोला मागणाऱ्यालाही कळेल, आणि पुढे सगळीकडे नुसतं 'मांडव'. क्रियापद 'घालणे' ठेवा. 'मांडव उभारणी' असं सरकारी वळणाचं लिहू नका, 'मांडव घालून मिळेल' असं लिहा. आणि शक्य असेल तर मेढीची उंची द्या. सात फुटांपेक्षा बुटका मांडव घातला, तर दोडके लोंबायला लागल्यावर खालून वाकूनच जावं लागतं.